पक्की बसलेली दाढ

घाटंजी
१२ नोव्हेंबर २००६

चि. रुपालीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तू उन्हाळ्यात बसवलेली दाढ पुन्हा हालून राह्यली. दुसरी खेप. दुखत नाही, मले काहीच वाटत नाही. तुही काकू म्हणते, एखाद्या दिवशी गिळून टाकसान, म्हणून लिहितो.

जिनिंगचा हंगाम लागला. भाव पडला, गाड्या कमी, तरी शेठ माह्याच तोंडाकडे पाह्यते. सरकी दाढेखाली कट फुटली तं कापूस सुका, पिचली तं ओला. याच्यावरच वीस वर्सं पोट भरलं. अन् डावीकडच्या दाढा तं कवाच गेल्या.

काकाले विसरजो नोको.
तुहा, श्रावणकाका

नागपूर
१७ नोव्हेंबर २००६

ती. श्रावणकाकांस,
सप्रेम जयभीम वि. वि.

अहो, बसवलेल्या दाढेनंही सरकी फोडता? काकूंच्या हातचा मार खाल! चूक माझीही आहे, मी विचारलंच नाही. हाडातला खुंटा पक्का आहे. खुंटा आणि दाढ यांच्यामधला जोड, अबटमेंट, मी ओतीव वापरला. तो खुंट्याच्या सहा कोनांवर किंचित सैल बसतो. मग आडवा दाब आला की सगळा ताण बारीकशा स्क्रूवर येतो आणि तो ढिला होतो. कुऱ्हाडीचा दांडाच सैल असला तर पाचर किती ठोकणार? आता कातलेला, घट्ट बसणारा जोड लावते. गुरुवारी या.

माझ्या प्रबंधात तुमची दाढ सहावी. ती ढिली पडली तर मीही पडले.

काकूंना जयभीम. माया आहे तशीच राहू द्या.
तुमची, रुपाली

घाटंजी
९ डिसेंबर २००६

चि. रुपालीस,
सप्रेम जयभीम वि. वि.

दाढ पक्की बसली. शाबास पोरी.

काल किसनरावाची कापसाची गाडी आली. मी सरकी फोडली अन् माल ओला म्हणून परत लावला. शेठनं ओल मोजाचं नवीन मशीन आणलं हाय, त्यात पाह्यलं तं माल खणखणीत सुका. किसनरावानं गाडी वजनकाट्याकडे वळवली. मले काही वाटलं नाही, अन् त्याचंच भेव वाटते.

जुना जोड ढिला होता तवा सुकी सरकी फुटली की दाढ हाले, मले समजे. जिनच्या घरघरीत फुटल्याचा आवाज कुठचा आयकू येते? आता तोंडात दगड हाय, फुटली का पिचली समजत नाही.

मीच शेठले म्हटलं, माह्या दाढेवर आता कोणाचा माल ठरवू नोका. तो बरं म्हणला. घरी येऊन जेवलो. तुही काकू बोलून राह्यली होती, मी आयकत होतो.

पुन्हा ढिली करून दे, असं लिहिणार होतो. नाही लिहीत.

लोभ पातळ होऊ देऊ नोको.
तुहा, श्रावणकाका

ता. क. प्रबंधात लिहिजो, सहावी दाढ हालली नाही.