खरवडलेली काच

३ मार्च
नवी नोकरी, आणि स्टुडिओच्या वरची खोली फुकट! मालकीणबाईंना सगळे काकू म्हणतात. झटपट फोटोचा कागद त्या घरीच बनवतात. चांदीचा क्षार जिलेटिनमध्ये कालवायचा, लाल दिव्यात कागदावर पसरायचा, वाळवायचा. फोटो काढला की त्यावर रसायन लावलेला दुसरा कागद दाबायचा आणि जरा थांबून सोलायचा, माणूस हजर. माझ्या डाव्या बुबुळात पांढरा ठिपका आहे. तो बघून काकू म्हणाल्या, कागदावर डाग दिसला तर आधी आरशात बघ. मी पोट धरून हसले.

९ मार्च
काकू बहिणीकडे गेल्या आणि इकडे चांदी संपली. त्या यायच्या आत कागद तयार करून शाबासकी मिळवायची होती, म्हणून माळ्यावरून एक जुनी निगेटिव्हची काच काढली; तिच्यावरच्या काळ्या थरातही चांदीच असते. तिच्यावर एक मुलगी होती, मान जराशी कललेली. ब्लेडने खरवडायला डोळ्यांपासून सुरुवात केली, कारण ती माझ्याकडेच बघत होती. खरवड अ‍ॅसिडात विरघळवली. कागद थोडेच झाले, पण फार सुरेख.

१२ मार्च
समोरच्या शिवणकामवाल्या मावशी आल्या होत्या. त्यांची लेक तापाने गेली. घरातला एकुलता फोटो पाण्यात खराब झाला, पण काच काकूंनी जपून ठेवलीय, तिच्यावरून पुन्हा छापून देशील का, असं विचारत होत्या. मान कलती ठेवायची खोड होती म्हणे तिला. शोधून ठेवते, म्हणाले. किती सहज खोटं बोलले मी. जाता जाता त्यांनी माझी उसवलेली बाही शिवून दिली.

१४ मार्च
नव्या कागदावर पोस्टमनचा फोटो काढला. सोलला तर त्याच्यामागे दारात मुलगी. मान कलती, डोळ्यांच्या जागी ओरखडे. कागद खराब निघाला, असं त्याला सांगितलं.

१५ मार्च
एका जोडप्याचा काढला. ती दोघांच्या मधे, हात पुढे करून चाचपडतेय. तिला दिसत नाही. तिचे डोळे मीच —

१६ मार्च
रिकाम्या खुर्चीचा काढला. खुर्ची दिसलीच नाही. भिंगाला टेकलेले दोन लहान तळवे —
मावशींनी पुन्हा विचारलं. सापडेल गं, घाई नाही, असं म्हणून त्याच मला धीर देत होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१७ मार्च
मावशींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. हातातली सुई तेवढी खाली ठेवली. म्हटलं, शेवटचा कागद आहे, तुम्ही बसा, ती येईल. मनात तिला म्हणाले, बाळा, माझं हवं ते घे, पण आईला धड दिसू दे.

कागद दाबून ठेवलाय. थांबायचं म्हणून लिहितेय.

सोलला. ती मावशींच्या मांडीवर. एकही ओरखडा नाही. मावशी फोटो कुरवाळतायत — सुटले मी —

आता त्यांनी फोटो उजेडाला धरलाय.

"चेहरा माझ्याच पोरीचा," म्हणाल्या. "पण डाव्या डोळ्यात हा ठिपका कसला?"

दुपारच आहे ना? मग पान एवढं पांढरं — ओळ कुठे — मावशी, मला तुम्ही —