फ्लॉरेन्सहून रुखवत

फ्लॉरेन्स, इटली
१४ ऑक्टोबर १९५७

तीर्थस्वरूप पुंडलिकराव भाऊजींच्या चरणी विनायकचा साष्टांग नमस्कार. आपली कंबर आता कशी आहे? छायाताईचा खोकला उतरला का? (तिला म्हणावं, संत्री बंद कर म्हणजे उतरेल. बागवाल्याची लेक, ऐकते कशाची.) मी इकडं खुशाल आहे. फक्त पंधरा दिवसांत भाकर पाहिली नाही. हे लोक शेवया उकडतात आणि गूळ न घालताच खातात.

सरकारी दौऱ्यातल्या आम्हा संत्रेवाल्यांना काल सुट्टी होती, म्हणून निवांत गाव पाहिलं. इथल्या मोठ्या देवळाच्या घुमटावर जायला चारशेच्या वर पायऱ्या आहेत. मी दोनशेवर बसलो आणि उतरणाऱ्यांना वर काय आहे ते खुणेनं विचारून घेतलं. नदीच्या पुलावर दोन्ही बाजूंनी सोनारांची दुकानं, त्यामुळे पूल संपला तरी नदी नीट दिसली नाही. आणि संत्र्याची झाडं हे कुंडीत लावतात, हिवाळ्यात घरात घेतात! आपण सहा एकर घरात घेतलं तर झोपावं कुठं?

पण माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आमच्या अनुराधेच्या साक्षगंधात तिच्या होणाऱ्या सासूबाई, लोधीखेड्याच्या केसरबाई, भर बायकांत काय बोलल्या ते आपल्याला ठाऊकच आहे. म्हणे, रुखवतात काय, संत्र्याच्या टोपल्याच मांडाल ना! पोरगी त्या दिवशी जेवली नाही. मी तेव्हाच ठरवलं, माघात लग्नाला रुखवत असं मांडीन की लोधीखेड्यानं तोंडात बोट घालावं.

तर एका दुकानात पांढऱ्याशुभ्र दगडाची बरणी दिसली. हातभर उंच, आतून उजेड दिसावा इतकी पातळ, आणि झाकणावर एक बाई लोडाला टेकून पडलेली. (जेवण झाल्यावरची आपली कलाबाई आत्या.) म्हटलं, हिच्यात बुंदीचे लाडू भरून रुखवताच्या मधोमध ठेवायचे. दुकानदार आभाळाकडे बोट दाखवून डोळे मिटून राहिला होता. मी समजलो, देवाशपथ माल अस्सल आहे म्हणतो. पार्सल त्यानंच पाठवलं. कागदावर प्रांताचा खाना होता. नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आपण मध्यप्रदेशातच राहिलो, हे त्याला समजावता समजावता अर्धा तास गेला. शेवटी कंटाळून त्यानं नुसतं इंडिया लिहिलं.

मंग दुपारी अजायबघर पाहिलं. चांगलं आहे. बाकी भेटीअंती बोलूच.

आपला,
विनायक

ता. क. : अजायबघराचं खरं सांगतो. तिथं तशाच बरण्यांची रांग होती, झाकणांवर तशाच टेकलेल्या बाया. दुभाष्या म्हणाला, दोन हजार वर्षांपूर्वी इकडचे लोक मढं जाळलं की राख ह्यात ठेवत, आणि झाकणावर मेलेल्या माणसाची मूर्ती बसवत. मी तिथंच बाकावर बसलो. मंग दुकानाकडे पळालो, पण पार्सल निघून गेलं होतं. जावयाला हमाली सांगू नये, भाऊजी, पण पत्र विमानानं येऊन राहिलं आणि पार्सल बोटीनं. पांढुर्ण्याच्या पोस्टात ते आमच्या हिच्या हाती पडायच्या आत आपण सोडवा आणि गोठ्यात कडब्याखाली दडवा. माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे, मला काल रात्रभर झोप नाही.

ता. क. दुसरं : बरण्या दोन होत्या. दुसरी मी विहीणबाईंच्या मानाची म्हणून थेट लोधीखेड्याला पाठवली. दुकानदार नाव फुकटात कोरून देत होता, म्हणून झाकणावरच्या बाईच्या पायाशी ‘केसरबाई’ कोरून घेतलं. मी कागदावर लिहून दिलं होतं, पठ्ठ्यानं एक मात्रासुद्धा चुकवली नाही. लोधीखेड्याचे पोस्टमास्तर आपल्या ओळखीचे आहेत ना?