रविवारी वाळत घातलेला परकर

आर्डनेल,
४ जून १९५७

चि. डूगल यास,

आशीर्वाद मागाहून. आधी सोबतचं पोस्टकार्ड बघ. गेल्या सप्टेंबरात माझ्याकडे राहून काढलेला तुझाच फोटो. लॉखच्या पाण्याकाठची आपली पांढरी घरं, धक्क्यावरचं घड्याळ, आणि माझ्या परसात दोरीवर फडफडणाऱ्या तीन चादरी. मधोमध माझा लाल फ्लॅनेलचा परकर! खाली ठळक अक्षरांत काय छापलंय? ‘आर्डनेलमधली शांत रविवार सकाळ.’

अरे, या गावात रविवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, कोणी रुमालसुद्धा वाळत घालत नाही, हे तुला माहीत नाही? बटाटेसुद्धा आम्ही शनिवारीच सोलून ठेवतो. काल दुकानात, लोण्याच्या काउंटरपाशी, चर्चच्या पंचांपैकी मॅकव्हिकर यांनी चार जणांदेखत मला सांगितलं की, चूक कबूल केल्याशिवाय प्रभुभोजनाचा बिल्ला मिळणार नाही. बिल्ला नाही म्हणजे तेवीस तारखेला चर्चमध्ये भाकर-द्राक्षारसाच्या मेजाशी जागा नाही. कपडे मी वाळत घातले नव्हते असं मी तीनदा म्हणाले. ते नुसते खोकले. त्यांच्या बायकोने मात्र कॅनडाला धाडायला तेच कार्ड डझनभर घेतलंय.

फोटो कोणत्या वारचा ते ताबडतोब कळव. लोभ आहे की नाही ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

तुझी ताई,
इशबेल

ग्लासगो,
७ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना हातातला चहा सांडला. हसून, हे कबूल करतो. एका परकराने अख्ख्या आर्डनेलला घाम फोडला म्हणायचा!

फोटोखालची ओळ छापणाऱ्यांनी टाकली. ‘शांत सोमवार’ नावाचं कार्ड कोण विकत घेईल, सांग बरं? फोटो सोमवारचाच आहे, आणि सोमवार हा तुझा धुण्याचाच वार. मॅकव्हिकर काकांना तसं सांग आणि मोकळी हो. सोबत त्याच सोमवारचं दुसरं कार्डही धाडतोय, घाटरस्त्याचं. माथ्यावरचा तो दगड, ज्यावर रस्ता बांधणाऱ्या जुन्या सैनिकांनी ‘विसावा घ्या, आभार माना’ असं कोरलंय, तो काय सुरेख आलाय! तूही जरा विसावा घे.

तुझ्या रागासकट तुझा,
डूगल

आर्डनेल,
११ जून

डूगल,

चि. लिहिलं नाही, मुद्दामच.

घाटरस्त्याचं कार्ड पाहिलं. नीट पाहिलं. दगडाच्या खाली, वळणावर टपालाची लाल गाडी चढते आहे. ती गाडी तिथे बरोबर दुपारी बाराला असते. आणि तू त्या सोमवारी सकाळी सातच्या बसने घाटावर गेलास, मी उकडलेली अंडी आणि ओटच्या पोळ्या बांधून दिल्या होत्या. पुढे तसाच ग्लासगोला गेलास. आता पहिलं कार्ड घे. धक्क्यावरच्या घड्याळात पावणेबारा. त्या सोमवारी पावणेबाराला तू माझ्या परसासमोर कसा होतास? आणखी सांगते. कार्डावर एकूण एक दुकानाची फळी लागलेली आहे. धक्क्यावर एक माणूस नाही, बोटी बांधलेल्या. तो रविवारच आहे. मी तेव्हा चर्चमध्ये होते, तू डोकं दुखतंय म्हणून घरी पडला होतास.

मग माझे कपडे दोरीवर कोणी घातले? भुताने?

मॅकव्हिकर भिंग घेऊन बसलेत असं ऐकते. फळ्या त्यांनाही दिसतीलच. शनिवारी, बावीस तारखेला, बिल्ले वाटतात. त्याआधी खरं लिही.

इशबेल

ग्लासगो,
१४ जून

ती. ताईस, मान खाली घालून नमस्कार.

भुताने नाही, मीच घातले.

तू चर्चला गेलीस आणि असं ऊन पडलं की मला पडून राहवेना. कॅमेरा लावला. पण पांढऱ्या भिंती, बंद फळ्या, धक्क्यावर चिटपाखरू नाही. गाव मेल्यासारखं दिसत होतं. काहीतरी हलतं हवं होतं, आणि थोडा रंग. स्वयंपाकघरात टोपलीत तुझे घडी केलेले कपडे होते. दहा मिनिटांचं काम होतं. घातले, फोटो काढला, पुन्हा घड्या करून ठेवले. घड्या वाकड्या झाल्या म्हणून तू मांजराला बोललीस, तेव्हाही मी गप्प बसलो. त्या फोटोवर मला वर्षभराचं काम मिळालं. तुझं काय होईल हे मनातही आलं नाही, आणि तुझं पत्र आल्यावर खोटं बोललो.

मॅकव्हिकर काकांना आजच वेगळं पत्र टाकलंय. सगळं लिहिलंय, परकरासकट.

क्षमा मागायचीही लाज वाटते.
डूगल

आर्डनेल,
२४ जून

चि. डूगल यास आशीर्वाद. यावेळी आधीच.

शनिवारी सकाळी मॅकव्हिकर दारात आले. बिल्ला पुढे केला आणि प्रकरण मिटलं म्हणाले. मी हात पुढे केला नाही. दुकानात चार जणांदेखत नाकारला होता, तेव्हा दुकानातच द्या, असं मी म्हणाले. ते म्हणाले, असा रिवाज नाही. मी म्हणाले, दुकानात नाकारण्याचाही नव्हता. शेवटी बाराच्या सुमारास, दुकान गच्च भरलेलं असताना, त्यांनी टोपी काढून बिल्ला माझ्या हातात ठेवला. लोणी मोजणाऱ्या बाईचा हात तिथेच थांबला.

काल मी मेजाशी बसले. भाकर घेतली, द्राक्षारस घेतला. मन शांत असायला हवं होतं, ते नव्हतं. कारण दारात मी मॅकव्हिकरना विचारलं होतं, की माझ्या तीन वेळच्या नाहीने जे झालं नाही ते आता कसं झालं. ते अगदी सहज म्हणाले की, डूगलने स्वतः लिहून दिलंय ना.

बघ म्हणजे. तीस वर्षं एक रविवार न चुकवलेल्या बाईचा शब्द त्यांना पुरला नाही. बारा वर्षं चर्चची पायरी न चढलेल्या, रविवारी फोटो काढणाऱ्या, वर खोटं बोलणाऱ्या माणसाची एक चिठ्ठी पुरली.

तुझ्यावर मी रागावलेली आहेच, त्यात फरक नाही. पण रागाच्या रांगेत तू आता मॅकव्हिकरांच्या मागे, दुसरा आहेस.

तुझी ताई,
इशबेल