अठ्ठावीस तासांच्या आत

७ एप्रिल, फुकुओका
जपानीची शाळा सुरू. पुढच्या एप्रिलपासून ही रोजनिशी जपानीत लिहायची, असा निश्चय.
पहिल्या सहामाहीची फी घरच्यांनी भरली. पुढची मी स्वतः कमावणार, असं काठमांडूच्या विमानतळावर अख्ख्या गावासमोर जाहीर करून आले आहे. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय आणि आमा, म्हणजे माझी आई, त्याला रोज झेंडूची माळ घालते. नवा पाहुणा आधी हळहळतो.
इथला नियम: विद्यार्थ्यानं आठवड्याला अठ्ठावीस तासच काम करायचं. जास्त केलं तर व्हिसा वाढत नाही, थेट घरी. नियम मला पसंत आहे. बाकीचे नेपाळी इथे पैशासाठी येतात. मी भाषेसाठी आले.

१९ एप्रिल
काम ठरलं: पुस्तकांचं दुकान. (म्हणजे माझ्याकडून ठरलं.) खोलीतली मनमाया दिदी म्हणाली, बहिनी, तिथे वाचता येणारीला घेतात. तीन वर्षं इथे राहून तिची स्वप्नं आखडली आहेत.

२ मे
दुकानानं अर्ज नम्रपणे परत केला. इतका नम्रपणे, की नकार मिळालाय हे मला बसस्टॉपवर पोचल्यावर कळलं.

११ मे
जेवणाच्या डब्यांच्या कारखान्यात लागले. तात्पुरतं. सकाळी सहा ते दहा, सहा दिवस, म्हणजे चोवीस तास. दुपारी शाळा.
पट्ट्यावरून डबे येतात. प्रत्येकातल्या भाताच्या मधोमध मी एक खारवलेलं लाल फळ ठेवते. तोंडाला मास्क, बोलायला बंदी. डावीकडे पोखऱ्याची, उजवीकडे बुटवलची, समोर चितवनची, सगळ्या नेपाळच्याच. जपानी माणूस एकच, तोही खुणा करतो. हरकत नाही. शांततेत ऐकण्याची शक्ती वाढते.

३ जून
वर्गात शिमोदा बाईंनी विचारलं, झोपलीस का? मी डोळे मिटून ऐकत होते, तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, घोरत ऐकत होतीस.
उद्यापासून रोज तीस नवे शब्द.

४ जून
उद्यापासून.

२० जुलै
दुसऱ्या सहामाहीची फी सप्टेंबरात. पगारातून भाडं, तांदूळ आणि फोन गेले की फी जशीच्या तशी उरते, भरायची. दिदी म्हणाली, घरी सांग, लाज कसली? लाज नाही. तत्त्व आहे.
शनिवार-रविवार हॉटेलात खोल्या आवरायचं ठरवलं. दोन दिवस मिळून पंधरा तास. दिदीनं बोटांवर मोजलं आणि ओरडली, बाई गं, चोवीस आणि पंधरा किती होतात माहितीये ना तुला, पदवीधर?
तिला शांतपणे समजावलं. हॉटेल हे काम नाही. तिथे ओगाता आजी आहेत, अडुसष्ट वर्षांच्या, अस्सल जपानी बोलणाऱ्या. त्यांच्याबरोबर चादरी बदलणं म्हणजे भाषेचा सराव. वर पैसे देतात, हा त्यांचा मोठेपणा.

३१ ऑगस्ट
सराव जोरात. आज ओगाता आजी म्हणाल्या, लवकर. दुपारनंतर म्हणाल्या, अजून लवकर.

२६ सप्टेंबर
फी भरली! स्वतःच्या बळावर, एकही नियम न मोडता. आमाला फोन केला. ती रडली, मग म्हणाली, शेजारच्या काकी बसल्यात, जरा जपानी बोलून दाखव. मी 'लवकर' म्हटलं. काकी म्हणाल्या, काय गोड भाषा आहे!

३० नोव्हेंबर
मान्य करायला हवं: ओगाता आजी अलीकडे खरंच बोलतात. त्यांच्या गुडघ्यांबद्दल, सुनेबद्दल. सुनेबद्दलचं सगळं समजतं. दिदी म्हणते, ते कुठल्याही भाषेत समजतं.

१४ जानेवारी
व्हिसा वाढवायची वेळ आली. शाळेचं पत्र लागतं, त्याआधी शिमोदा बाई मुलाखत घेणार. दिदीनं बजावलं, किती तास विचारलं की चोवीस म्हण आणि तोंडाला कुलूप लाव. हॉटेलचं नावसुद्धा काढू नकोस.
खोटं बोलणाऱ्यातली मी नाही, असं तिला सांगितलं. शिवाय चोवीस हे खरंच आहे.

२२ जानेवारी
मुलाखत झाली. अपेक्षेपेक्षा उत्तम.
किती तास काम? चोवीस. बाई खूश. म्हणाल्या, तुझं बोलणं फार सुधारलंय गं. वर्गाबाहेर सराव कुठे करतेस?
हा प्रश्न पाठ केलेला नव्हता, तरी अडखळले नाही. सांगितलं, कारखान्याशिवाय दर शनिवार-रविवार हॉटेलात, पंधरा तास, जुलैपासून, ओगाता आजींबरोबर. एका दमात.
बाई एरवी माझ्या प्रत्येक वाक्यात दोन तरी चुका काढतात. आज एकही नाही. सगळं जसंच्या तसं कागदावर उतरवलं, तारीख घातली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. वर बघितलं नाही.
घरी येऊन दिदीला सांगितलं. तिनं चोवीस आणि पंधरा पुन्हा बोटांवर मोजले. मग एवढंच विचारलं, सही केलीस?
केली. जपानी लिपीत.