बेल बंद, अभ्यास चालू

१२ जानेवारी

पास! सीएचा शेवटचा ग्रुप निघाला. निघाला एकदाचा!

ऑफिसातच निकाल पाहिला. डोळ्यांवर विश्वास बसेना, म्हणून शेजारच्या टेबलावरच्या टिक्याला बघायला लावला. (तपासलेल्या प्रत्येक आकड्यापुढे हा हिरव्या पेनने टिक मारतो, म्हणून टिक्या.) त्याने माझ्या निकालापुढेही हवेत टिक मारली. मोठे सर म्हणाले, "घरी जा आता. आज तुझ्या हातून एक बेरीज धड होणार नाही."

धावत सुटले. बाबा बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते, आवाज बंद करून, नेहमीसारखे. मी दारातूनच ओरडले, "बाबा, पास झाले! संपलं सगळं!" दारातून उजेड आला तसं त्यांनी वळून पाहिलं. मान डोलावली आणि म्हणाले, "आई आत आहे."

आई आत आहे!! एवढंच. आणि परत टीव्ही.

आईने मात्र मला मिठी मारली, रडली, हाताला धरून बाहेर नेलं आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं. मग बाबा उठले, हसले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. पण तोवर माझं मन उतरलं होतं.

१३ जानेवारी

दिवसाढवळ्या झोपले. घर सवयीने अजून कुजबुजतंय.

१५ जानेवारी

मी पहिल्यांदा परीक्षेला बसले तेव्हा आईने बेलची वायर सोडून ठेवली. दारावर कागद चिकटवला: 'अभ्यास चालू आहे. बेल वाजवू नये.' तेव्हापासून टीव्ही मुका. बाबा त्याच्या खालच्या पट्टीवरच्या ओळी वाचतात. चहा झाला की हाक नाही, दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद. काही सांगायचं असेल तर उठून जवळ जायचं आणि हलक्या आवाजात बोलायचं. मावशी आमच्या घराला लायब्ररी म्हणते. आणि मी एकेक ग्रुप नापास होत गेले, तसतशी ही लायब्ररी मुक्कामाला राहिली.

आज कागद काढला. त्याखालचा रंग अजून नवा आहे.

१९ जानेवारी

आता पुढचं काय? जो भेटतो तो हेच विचारतो. जरा श्वास घेऊ द्या की!

मोठे सर म्हणतात, मूल्यांकन कर. कंपनी विकायला निघाली की तिचं मोल आपण ठरवायचं, मान असतो. टिक्या म्हणतो, संगणकाचं ऑडिट, बाकी सगळं मोडीत निघणार. स्वतः काही करणार नाही, पण सल्ल्याला तयार.

मला घोटाळे शोधण्याचा कोर्स हवाय. वर्षभराचा. नोकरी सांभाळून, संध्याकाळी वर्ग. कुणी हिशेब खोटा लिहिला तर तो कसा लिहिला असेल, हे मला आवडतं. हे असं लिहिताना जरा विचित्र दिसतं, पण आवडतं. फॉर्मची मुदत दहा फेब्रुवारी.

२२ जानेवारी

बाबांनी पेपरातली जाहिरात कापून माझ्या ताटाशेजारी ठेवली. कायद्याची पदवी, घरी बसून. "लांबलचक कोर्स आहे," म्हणाले. "तेच बरं. घाई नाही. घरातच बसून कर, आम्ही आहोत की. तुला कुणी त्रास देणार नाही."

म्हणजे परत पाच-सहा वर्षं खोलीत! मी जाहिरात ताटाखाली सरकवली.

इतकी वर्षं मी काय केलं मग? बाबांनी छापखान्यात मशीनवर आयुष्य काढलं. आमच्या घरात शिकलेली अशी मीच पहिली. तेवढ्याने भागत नाही का त्यांचं? दारातून ओरडले त्या दिवशीचा त्यांचा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नाही. 'आई आत आहे.' जणू मी गॅसची टाकी घेऊन आले होते.

२८ जानेवारी

गोदामात माल मोजायला गेलो. खोक्यांच्या थप्प्या छतापर्यंत. गोदामवाला गप्पिष्ट, मोकळा, पण मी कुठेही वळले तरी हा पठ्ठ्या एकाच कोपऱ्यात पाठ टेकून उभा. चहा आला तरी तिथेच. मी म्हटलं, जरा सरका, ही थप्पी बघू. मागची ओळ पूर्ण रिकामी खोकी! टिक्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने त्या थप्पीवर आधीच हिरवी टिक मारली होती.

सर गाडीत म्हणाले, "नजर आहे तुला. जा, तुला हवं तेच शीक. मूल्यांकन राहू दे." मी हवेत!

घरी बाबांच्या मागून जाता जाता सांगितलं. त्यांनी पेपराचं पान उलटलं, बस. आईने विचारलं, "अगं, काय झालं?" तिला सगळं सांगितलं. जेवताना ते नेहमीसारखे माझ्या बरोबर समोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कायद्याचं काय ठरवलंस मग?"

ताट उचललं आणि आत गेले. पोरकटपणा झाला, कळतंय. पण लागलं मला.

२ फेब्रुवारी

आज तोंड उघडलं. त्यांच्या समोर बसून एकेक शब्द नीट सांगितला: कायदा नाही. घरी बसून काही नाही. वर्ग बाहेर आहेत, आणि वाचायचं ते मी ऑफिसात वाचीन. हे घर आता घरासारखं करा. टीव्हीचा आवाज वाढवा, बेल जोडा, हाका मारा, भांडा!

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. "एवढ्यात कशाला?" म्हणाले. "बेल राहू दे ना बंद. काय अडलंय?"

"मी कधी पुरे पडणार तुम्हाला?" मी विचारलं. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "असं का बोलतेस?" आणि उठून गेले. आई दोघांवर चिडली. कोर्स माझा, भांडण माझं, आणि रात्रीचं जेवण तिच्या एकटीच्या गळ्याखाली उतरलं नाही असं तिचं म्हणणं. आमचं तरी कुठे उतरलं होतं.

५ फेब्रुवारी

वायरमन आला. बेल जोडली आणि म्हणाला, "वाजवून बघा, ताई." वाजवली. कान फाटतील असा आवाज! मी दचकले. आईच्या हातून चमचा पडला.

बाबा खिडकीशी पाठमोरे पेपर वाचत होते. हलले नाहीत.

मला वाटलं, रुसलेत. परत वाजवली. बोट दाबूनच धरलं. वायरमन माझ्याकडे बघायला लागला. बाबांनी शांतपणे पान उलटलं.

मी त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले. "बाबा." काही नाही. "बाबा!" काही नाही.

मग दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद केलं. लगेच मान वर. हसून म्हणाले, "झाला चहा?"

६ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही.

छापखान्यातल्या मशीनमुळे. निवृत्त होण्याआधीच ऐकू कमी यायला लागलं होतं. मग हळूहळू जवळजवळ गेलंच. आणि आम्हाला पत्ता नाही! कसा असणार? घरात आवाजच नव्हता. ते म्हणाले, "तुझा अभ्यास होता तोवर सगळे जवळ येऊन, समोर उभे राहून बोलायचे. ओठांवरून कळायचं, दिवा कळायचा. माझं निभावून जायचं. अभ्यास संपला म्हणजे तुम्ही आपापल्या खोलीतून बोलणार. म्हटलं, अजून एखादा कोर्स..."

कोर्स! माझ्यासाठी नव्हताच तो. आणि मी काय काय मनात धरून बसले होते!

"सांगितलं का नाही?" "तुझी परीक्षा होती ना. प्रत्येक वेळी कुठली ना कुठली परीक्षा असायचीच."

आई रडता रडता म्हणाली, "मला वाटायचं, माझ्याकडे लक्षच देत नाहीत. म्हटलं, नवरेच ते!" बाबांनी तिचे ओठ वाचले आणि इतके हसले की आम्हीही हसलो.

गोदामातला माणूस एका कोपऱ्यातून हलत नाही हे मला दिसलं. बाबा कायम माझ्या बरोबर समोरच का बसतात, हे दिसलं नाही.

९ फेब्रुवारी

फॉर्म भरला. घोटाळे शोधण्याचाच. बाबा म्हणाले, "आधी आपल्या घरापासून सुरुवात कर." वर डोळा मारला!

१४ फेब्रुवारी

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं. म्हणाल्या, कानात मशीन बसवलं की सगळं नाही, पण बरंच परत ऐकू येईल. त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा बाबांच्या समोर वाकून. मला त्या फार आवडल्या.

२६ फेब्रुवारी

मशीन बसलं. घरी आलो तर बाबांनी मला दारातच अडवलं. "त्या दिवशी तुझे ओठ नुसते हलताना दिसले," म्हणाले. "उजेड तुझ्या पाठीमागून येत होता, काही कळलं नाही. परत सांग. बेल वाजवून." आणि तोंडावर दार लावून घेतलं.

वाजवली. त्यांनीच उघडलं. होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले, "बाबा, पास झाले!"

त्यांनी दोन्ही हात कानांवर नेले. "अगं, हळू! ऐकू येतंय मला."