डोंगर कुठल्या हाताला?

ती. सौ. वहिनींस,

धाकट्या दिराचा नमस्कार. (वाकूनच केला आहे, पण इथल्या गार पाण्यानं कंबर धरली आहे, तेव्हा थोडा कमी वाकल्यासारखा वाटला तर सांभाळून घ्या.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कटकन वाजायचा, ते वाजणं कमी झालं का? दादा वेळेवर जेवतो ना? मला त्याचं काही पडलेलं नाही, तुम्हाला ताट वाढून ताटकळत बसावं लागू नये म्हणून आपलं विचारतो. स्टुडिओचं शटर अजून खालीच असणार. असू दे.

हे पत्र एकटीनं वाचा. त्या दिवशी तुम्ही माहेरी होतात, म्हणजे तुमच्यापर्यंत दादाचीच बाजू पोचलेली आहे. आता माझीही ऐका. आपल्या स्टुडिओतला तो मोठा पडदा दादानं तरुणपणी एका कॅलेंडरवरून रंगवला. मधोमध दीपगृह, डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला उतारावर द्राक्षांचे मळे आणि खाली समुद्र. त्या पडद्यापुढे उभं राहून गावातली निम्मी लग्नं जुळली, हे मी नाकारत नाही. पण पासपोर्टचा फोटो काढायला आलेला तो खलाशी पडदा बघून हसला आणि म्हणाला, अहो, हे शहर मी पाहिलंय, डोंगर उजवीकडे आहे. मी फक्त एवढंच म्हणालो की, असेल बुवा, आमच्या दादानं घर सोडून काही पाहिलंय कुठे! यात काय चुकलं? दादानं शांतपणे ब्रश धुतला. मला म्हणाला, जा, बघून ये, फोटो काढून आण. डोंगर उजवीकडे निघाला तर हा पडदा माझ्या हातानं कापीन, त्याची फडकी तुला कॅमेरे पुसायला देईन आणि स्टुडिओत पुन्हा पाऊल टाकणार नाही. मग शटर ओढलं आणि कात्रीला धार लावायला गेला. मीही त्याचाच भाऊ. दुसऱ्याच दिवशी तिकिटं काढली. तुमची धाकटी जाऊ म्हणाली, निदान माझी हौस तरी फिटेल, आणि बॅग भरायला लागली.

शहर सुंदर आहे. आमच्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि खिडकीतून डोंगर दिसतो, असं खोलीवाल्या बाईंचं म्हणणं. आम्ही आलो तेव्हा खिडकीत पांढरा ढग होता, दुसरं काही नाही. बाई म्हणाल्या, काल होता. मी खिडकीशी स्टँड लावला, कॅमेरा चढवला आणि काळं फडकं डोक्यावर घेऊन बसलो. चहाही फडक्यातच प्यायलो. हिनं पहिल्या दिवशी समजावलं, दुसऱ्या दिवशी सुनावलं आणि तिसऱ्या दिवशी सरळ एकटी बाजार फिरून आली. पण वहिनी, मी हटलो नाही. रोज सकाळी बाई चादरी बदलायला यायच्या आणि फडक्याला गुड मॉर्निंग करून जायच्या.

मग मला सुचलं की पडद्यावरचा देखावा समुद्राच्या बाजूनं आहे, तेव्हा खिडकीत बसून उपयोग नाही, पाण्यातच उतरलं पाहिजे. म्हणून चौपाटीवर गेलो, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, स्टँड खांद्यावर घेतला आणि शिरलो. पाणी इतकं गार की पाय आहेत की खोलीवरच राहिले, ते वाकून बघावं लागलं. तेवढ्यात एका नवरा-बायकोनं आपला फोटो काढून मागितला. आता माणूस समोर वाकडा उभा असला की माझ्यानं राहवतं का! नवऱ्याची हनुवटी खाली घेतली, बायकोचा खांदा वळवला, हसू नका पण हसल्यासारखं करा म्हणालो. ते बघून दुसरं कुटुंब आलं, त्यांच्यामागे तिसरं. सगळ्यांना पाठीमागे समुद्र हवा, त्यामुळे माझी पाठ गावाकडे. रांग लागली. तिथला धंद्याचा फोटोवाला भांडायला आला, तर त्यालाही पोक काढून उभं राहू नकोस म्हणून सरळ केला. सगळं आटोपून वळलो, तर ही वाळूत बसून शेंगदाणे खात होती. म्हणाली, काय सुंदर दिसला हो डोंगर, आत्ताच झाकला. मी ओरडलो, कुठल्या हाताला होता? तर म्हणते, मी डोंगर बघत होते, हात नाही. माझी डावी चप्पलही त्याच भानगडीत समुद्रानं नेली.

दुसऱ्या दिवशी हिनं जेवणावर बहिष्कार घालायची धमकी दिल्यामुळे द्राक्षांचे मळे बघायला गेलो. ओळीत लावलेल्या वेली, पांढरं घर आणि एक मोठ्या मनाचा मळेवाला. तिथे वाइन चाखायला देतात. घोट घ्यायचा, तोंडात खेळवायचा आणि बादलीत थुंकायचा, अशी रीत. कुणी एवढ्या प्रेमानं दिलेलं त्याच्यासमोर थुंकायचं, हे आपल्याच्यानं झालं नाही. मी सगळं गिळलं. (हिनंही एक घोट गिळला, पण ते तुम्हाला ठाऊक नाही.) त्यानंतर, ही सांगते त्याप्रमाणे, मी मळेवाल्याला पडद्याची हकीकत पहिल्यापासून सांगितली, दादा ढगाला पांढऱ्यात थोडा निळा कसा मिसळायचा ते सांगितलं, आणि रडलो. मला आठवत नाही. मळेवालाही रडला म्हणे, त्याला पण थोरला भाऊ आहे. त्यानंच ओळखीच्या कोळ्याची होडी ठरवून दिली आणि पहाटे निघा, तेव्हा ढग नसतो म्हणाला.

गेलो. होडी हलायची आणि तिच्या उलट्या दिशेला माझं पोट हलायचं. कोळी म्हणाला, परत फिरू या. मी म्हटलं, फोटो निघाल्याशिवाय नाही. एका हातानं काठ धरला, दुसऱ्या हातानं कॅमेरा, आणि मधल्या वेळात समुद्राला काय द्यायचं ते दिलं. आणि वहिनी, उजाडलं तसा डोंगर दिसला. डोळ्यांवर विश्वास बसेना.

डोंगर डावीकडेच आहे. दादाचं बरोबर, माझं चूक. विषय संपला. फोटो सोबत जोडला आहे. दादाला दाखवा, त्याच्या हातातली कात्री काढून घ्या आणि शटर उघडायला सांगा. आम्ही लवकरच निघतो.

तुमचा हरलेला
दीर

ता. क. : वरचं पत्र हिनं वाचलं आणि म्हणाली की दादांना काय सांगायचं ते सांगा, वहिनींशी खोटं बोललात तर मी परत येणार नाही, मळेवाल्याकडे राहीन. तर खरं सांगतो. डोंगर उजवीकडे आहे. ढळढळीत उजवीकडे. पण वहिनी, डोंगर तोच हो! तीच प्रत्येक घडी, तोच एका बाजूनं तुटलेला खांदा, तेच खालचं रान. दादानं एक रेघ सोडलेली नाही. कॅलेंडर छापणाऱ्या गाढवानं निगेटिव्ह उलटी लावली होती, एवढंच. पण हे दादाला सांगून उपयोग आहे का? चूक ती चूक म्हणेल आणि कात्री उचलेल. म्हणून मी इथल्या लॅबमध्ये गेलो आणि निगेटिव्ह उलटी लावून छापा म्हणालो. लॅबवाल्यानं मला शिकाऊ समजून खुर्ची दिली आणि निगेटिव्हची चकचकीत बाजू कुठली, मंद बाजू कुठली, हे समजावून सांगितलं. पोरवयापासून डार्करूममध्ये आयुष्य घालवलेला मी, मान हलवत ऐकून घेतलं. एकदा समजलं नाही म्हटल्यावर त्यानं पुन्हा सांगितलं. पुन्हा ऐकलं.

ता. क. २ : मुख्य काम राहिलंच. फोटो दाखवायच्या आधी दादाचं भिंग लपवा. सगळ्या रोलमध्ये हा एकच फोटो धड आला (बाकीच्यांत आकाश किंवा कोळ्याचा कोपर आहे) आणि त्यात नेमकी ही पुढे बसली आहे. हिच्या डाव्या गालावरचा तीळ त्यात उजव्या गालावर गेला आहे. आमच्या लग्नाच्या फोटोत दादानं टचिंग करताना तो तीळ पुसला होता, ही रुसली म्हणून पुन्हा ब्रशनं बसवून दिला. कुठल्या गालावर बसवला, ते तो जन्मात विसरायचा नाही.

ता. क. ३ : पाकीट बंद करता करता पुन्हा उघडतो आहे. भिंग लपवू नका. द्या त्याच्या हातात. तो फोटो उजेडात नेईल, तीळ बघेल, आणि त्याच्या धाकट्या भावानं आयुष्यात पहिल्यांदा मुद्दाम उलटा फोटो छापून घेतलाय, हे त्याला तिथल्या तिथे कळेल. कळू दे. मला तोंडानं चुकलो म्हणता येत नाही, ते त्याला ठाऊक आहे.