बाबांची मूठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

आज बाबांची मूठ उशिरा आली!

एवढीशी गोष्ट, पण दिवसभर डोक्यातून जात नाही. मी वर क्रेनच्या केबिनमध्ये, चाळीस फुटांवर. बाबा खाली, पांढरे हातमोजे घालून. त्यांनी बोट वर करून फिरवलं की मी हूक उचलते. तळहात खाली करून हलवला की ओझं खाली सोडते. मूठ वळली की थांबायचं. क्रेन हलत असते तोवर तिची घंटी टणटणत राहते, थांबली की घंटी बंद. सहा वर्षं आमचं हेच चाललंय. कागदाचे रोल, मशीनचे सिलिंडर, सगळं त्यांच्या खुणांवर. मला वरून ओझ्याची पाठ दिसते. पोटाखाली काय आहे ते त्यांनाच दिसतं.

आज रोल कठड्याला घासला तरी त्यांचा हात हलतच होता. मग मूठ. जाडा फिटर ओरडला, "काय उस्ताद, बापलेकीचं वाजलंय वाटतं आज?" बाबा म्हणाले, "ब्रेक सैल झालाय." ब्रेक मी सकाळीच तपासला होता. ठणठणीत होता.

५ नोव्हेंबर

आज मी क्रेन माझ्याच अंदाजाने थांबवली. मूठ येण्याआधी, अगदी किंचित. आणि मूठ नेमकी त्याच क्षणी! मग काल काय झालं होतं? माझ्याच मनाचे खेळ? काही असो, त्यांच्या नकळत असं करताना चोरी केल्यासारखं वाटलं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

चर्चमधल्या शास्त्रवर्गात पाळकांनी मला पकडलं. वीस तारखेला मी बोलायचं म्हणे. विषय: पुत्र बापाच्या बरोबरीचा, तोही देवच. तरी तो बापाच्या आज्ञेत राहतो. मग तो कमी का नाही?

मी म्हटलं, मला काय कळतंय यातलं! तर म्हणाले, "तू रोज बापाच्या हाताखाली काम करतेस. तुझ्याइतकं कोणाला कळणार?"

"हाताखाली कुठली! त्यांच्या डोक्यावर चाळीस फूट बसते मी."

सगळे हसले. बाबाही हसले. पण सुटका झाली नाही ती नाहीच.

९ नोव्हेंबर, रविवार

जेवताना बाबांनी पेल्यात पाणी ओतलं ते काठाच्या आत बोट धरून. बोट भिजल्यावर थांबले. माझा घास हातातच राहिला.

आईने माझं बघणं बघितलं. नंतर स्वयंपाकघरात हळूच म्हणाली, "थोडं धूसर दिसतं म्हणतात. फेब्रुवारीत निवृत्त होणारच आहेत. तीन महिने निघतील गं. तू कुठे बोलू नकोस हं. एवढी वर्षं ताठ मानेने काढली त्यांनी."

थोडं म्हणजे किती? हे विचारायचं धाडस मला झालं नाही. डॉक्टरकडे गेले होते का, तेही नाही.

११ नोव्हेंबर

रोज मी आधी थांबते. रोज मूठ बरोबर. तरी जीव टांगणीला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वर्गात आज चांगलीच जुंपली. निवृत्त शाळामास्तरीण म्हणाल्या, "माणूस होऊन आला तेवढ्यापुरतं त्याने ऐकलं. कायमचं नव्हे." घड्याळं दुरुस्त करणारे काका चिडले. "नाही कसं? बाप पाठवतो, पुत्र जातो. हे आधीपासूनच आहे." मास्तरीण म्हणाल्या, "म्हणजे एकानेच कायम सांगायचं, दुसऱ्याने कायम ऐकायचं. मग बरोबरी काय नुसती बोलण्यापुरती?" काकांचे कान लाल!

पाळक म्हणाले, दोघांची इच्छा एकच आहे, हे विसरू नका. मला राहवलं नाही. विचारलं, इच्छा एकच असेल तर ऐकण्याचा प्रश्न येतो कुठे? क्रुसावर जायच्या आदल्या रात्री बागेत पुत्राने बापाला सांगितलंच ना, हे दुःख टळलं तर बरं! आधी स्वतःला काय वाटतं ते बोलला, मग मान्य केलं.

पाळक खूश. "हेच वीस तारखेला बोल."

घरी येताना बाबांनी माझा दंड धरला होता. म्हणाले, "पायऱ्या इथल्या वाईटच आहेत." तीनच पायऱ्या आहेत तिथे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

नोटीस लागली. शनिवारी मशीन बंद. सुकवणीचा मोठा सिलिंडर बदलायचा, अकरा टनांचा. जुना काढायचा, नवा बसवायचा, आणि चार फिटर आत उतरून काम करणार. रोल घासला तर पोचा पडतो. इथे माणूस जाईल!

नोटिसीशेजारी जुनाच फलक आहे. क्रेनचालकाने एकाच माणसाच्या खुणा मानाव्यात. पण 'थांब' कोणीही म्हणू शकतो. रोज त्याखालून जाते. आज उभी राहून वाचला. शिपाईसुद्धा थांब म्हणू शकतो. मी म्हणायचं तर बाबांना म्हणायचं!

फोरमनला सांगितलं तर बाबांना त्याच दिवशी घरी पाठवतील, सगळ्यांसमोर. नाही सांगितलं तर? काय करू? कोणी सांगेल का मला?

२० नोव्हेंबर, गुरुवार

बोलले. बाबा पहिल्या बाकावर.

म्हटलं, मी बाबांचं ऐकते ते मी कमी आहे म्हणून नाही. कामगार दोघंही, कसब दोघांनाही आहे. उलट ओझं माझ्या हातात असतं, त्यांनी ते माझ्या हाती दिलेलं असतं. मी ऐकते कारण जे मला दिसत नाही ते त्यांना दिसतं. भरवसा असला की ऐकण्यात कमीपणा राहत नाही.

टाळ्या! मास्तरीणबाईंनी डोळे पुसले. काकासुद्धा म्हणाले, "हे पटलं बुवा." पण आपण काय बोलतोय ते मला माहीत होतं ना!

बाबा मान खाली घालून बसले होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "जरा जास्तच बोललीस गं." त्यांचा स्वभावच तसा. स्तुती सोसत नाही.

२१ नोव्हेंबर

सांगायचं ठरवलं. त्या बागेतल्यासारखं, आधी बोलायचं, मग तुमचं तुम्ही ठरवा. बाबा उद्याचे बूट पुसत होते. "काय गं?" म्हणाले.

"काही नाही," म्हटलं.

शूर ती मी!

२२ नोव्हेंबर, शनिवार



जुना सिलिंडर सकाळी निघाला. ठीक झालं. दुपारी नवा टांगला. जागेवर आणला, घंटी टणटणतेय, मी थांबवली, मूठ आली. सगळं रोजच्यासारखं. मग बाबांचा तळहात. सोड. खाली.

मी फिटरांच्या पिवळ्या टोप्या मोजल्या. आज सकाळपासून मोजतच होते. तीन. पुन्हा मोजल्या. तीनच! चौथी टोपी सिलिंडरच्या त्या बाजूने आत गेलेली मी पाहिली होती, या बाजूने बाहेर आली नव्हती.

बाबांचा तळहात हलतोय. सोड.

मी दांड्यावरून हातच काढला. सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांची खूण मोडली. भोंग्याचं बटण शेजारीच होतं, तेही सुचलं नाही. घंटी बंदच. पुन्हा तळहात, सोड. पुन्हा. मी दगड झाले. मग तो हात हवेत अडखळला, आणि हळूहळू मूठ झाली.

तेवढ्यात जाडा फिटर खालून रांगत बाहेर आला, हातात पान्हा. पडला होता म्हणे, उचलायला गेला होता. फोरमन धावत आला आणि त्याने बाबांचे खांदे धरून हलवले. "याला म्हणतात नजर! उस्ताद, माणूस वाचवलात!" जाड्याने बाबांना मिठी मारली. वर कोणी बघितलंसुद्धा नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

चर्चमध्ये आभाराची प्रार्थना. पाळक म्हणाले, "बापाने पाहिलं, लेकीने ऐकलं. गुरुवारी जे बोलली तेच शनिवारी घडलं."

खोटं! तळहात हलत होता! तीनदा! उभं राहून ओरडावंसं वाटलं. मूठ उशिराच आली, त्या मंगळवारासारखीच. आणि बाबा सगळं ऐकून घेत होते. लोक येऊन हात मिळवत होते, हे मिळवू देत होते. जन्मात पहिल्यांदा मला त्यांचा राग आला. त्यांना सोडून एकटीच घरी आले. मग आठवलं, तीन पायऱ्या. परत धावत गेले.

खालच्या पायरीवर उभे होते. माझी वाट बघत.

२४ नोव्हेंबर, सोमवार

कारखान्याच्या फाटकाशी बाबांनी हातमोजे काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, "फोरमनला सांगून येतो. आजपासून खाली दुसरा माणूस घे. त्या मंगळवारी रोल घासला ना, त्यानंतर मी बघणंच सोडलं. तुझी घंटी बंद झाली की मूठ वळायचो. परवा घंटी सुरूच होईना, म्हणून वळली."

"आधी का नाही सांगितलंत?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

तीन आठवडे. मी त्यांच्या भरवशावर, ते माझ्या. ओझ्याखाली बघत कोणीच नव्हतं.